बोटावरचं फुलपाखरू

खोब्रागडे सर कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. "या सर, बसा," म्हणेपर्यंत चष्मा कपाळावर सरकवून कॅलेंडरसमोर उभे! त्यावर लक्ष्मी असो नाहीतर खताच्या कंपनीचं हिरवंगार धान, सरांना काहीही चालायचं. बराच वेळ निरखून झालं की वळून विचारणार, "या चित्रात हत्ती दोन काऊन आहेत, सांगा बरं?" आता चहा टाकायला निघालेल्या बाईला हत्ती दोन का, हे काय ठाऊक? ती आपली पदर तोंडाला लावून हसायची आणि आत पळायची. आमच्या ब्रह्मपुरीत त्यांना 'चित्र वाचणारे सर' म्हणत. कोणी कौतुकानं म्हणे, कोणी टिंगलीनं.

मी त्यांची विद्यार्थिनी. चित्रकलेच्या पदविकेला ते आम्हाला कलेचा इतिहास शिकवायचे. मी शिकले चित्रकलेची मास्तरीण व्हायला आणि झाले फ्लेक्सवाली. जागा निघाल्या नाहीत तर काय करता! बसस्टँडमागच्या गल्लीत दुकान टाकलं, बॅनर छापायला लागले. दुकानाच्या तिरप्या अंगाला सरांचं घर, आणि सरांच्या ओट्यासमोर, गल्लीच्या पलीकडे, दोनाडकरांचं. सरांच्या घराला आता कुलूप आहे. पुतण्या त्यांना कुरखेड्याला घेऊन गेला आणि सर तिथंच वारले. पण रोज सकाळी शटर वर करताना माझी नजर आधी त्या ओट्यावर जाते, त्याला काय करू?

सरांनी लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती, तिचं करता करता वय निघून गेलं. आई गेली तेव्हा शेजारच्या एका बाईनं विचारलं, "सर, कावळा शिवला का?" सर म्हणाले, "कावळ्याले त्याचं काम करू द्या बाई, आपण आपलं करू." त्यांच्या आईवडिलांनी छप्पनला दीक्षा घेतलेली. नजर, लिंबू-मिरची, अंगात येणं, असलं काही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. सरांनी उभ्या जन्मात कोणाचा राग केला असेल तर तो या गोष्टींचा. "शब्दानं कोणी मरत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, आमच्यासाठी, "आधी पाहा, मग बोला." चित्राबद्दल कोणी घाईनं तोंड उघडलं की छत्री टेबलावर आपटून हेच म्हणायचे.

एकदा सर खडूच्या डब्यात कोसे घेऊन आले. आरमोरीकडे जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रेशमाच्या अळ्या पाळतात, त्यांचे ते कोसे. आम्हाला रेषा काढायला आणले आणि टेबलाच्या खणात विसरून गेले. मग एके दिवशी खण उघडला तर हाताएवढं बदामी फुलपाखरू सरपटत बाहेर आलं, भिंतीवर चढलं आणि फळ्याच्या कडेला जाऊन बसलं. त्याला पतंग म्हणतात, हे सरांनी लगेच सांगितलं. आम्ही पोरी किंचाळलो. सरांनी डस्टर खाली ठेवलं. "आज फळा पुसायचा नाई," एवढं म्हणून बाकावर आमच्यात येऊन बसले. त्याचे ओले पंख हळूहळू ताठ होताना आम्ही अख्खा तास बघितले.

"हिले तोंड नाई," सर म्हणाले.

"म्हणजे सर?"

"पंख आले, पण तोंड नाई. खात नाई, पीत नाई. काही दिवस राह्यते, अंडी घालते, जाते."

त्यातूनच मग त्यांनी शिकवायला घेतलं. जगातल्या चित्रकारांनी या एवढ्याशा जिवावर केवढं ओझं टाकलं ते. जुन्या ग्रीक लोकांनी त्याला आत्मा केलं. युरोपातल्यांनी फुलांच्या गुच्छावर बसवलं, बघणाऱ्याला आठवण राहावी की फूल सुकणार आणि आपणही. जपानात लग्नाला फुलपाखरांची जोडी. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आन आपल्या इथी सर?" सर खांदे उडवून म्हणाले, "आपल्या इथी ते फुलावर बसते." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, पण आत्मा असते का?" सरांनी चष्मा पुसला. "चित्रात असते. घरी नसते." वर्गभर हशा पिकला, सरही हसले.

निवृत्त झाल्यावर सर रोज माझ्या दुकानात येऊन बसायचे. मला धंदा करायचा, यांना चित्र वाचायचं. श्रद्धांजलीच्या बॅनरवर मी मागे सूर्य टाकला की विचारणार, "हा उगवून राह्यला का मावळून राह्यला?" मी म्हणायची, "सर, नेटवरचा आहे, मले काय मालूम!" "मग माणूस गेला का आला, हे लोकायले कसं समजणार?" गिऱ्हाईक हसायचं, मी तणतणायची. लग्नाच्या बॅनरवर गुलाब टाकले तर गुलाबाचा इतिहास, मोर टाकला तर मोराचा. एकदा मी वैतागून म्हणाले, "सर, तुम्ही आपल्या घरी जा बरं." गेले बिचारे. ओट्यावर खुर्ची टाकून बसले, आणि तिथून माझ्या दुकानातलं बॅनर वाचायला लागले.

मग दोनाडकरांच्या घरी चिऊ झाली.

दोनाडकरांकडे आजी अनुसयाबाई, तिचा मुलगा प्रकाशभाऊ, सून आणि ही नात. सून शाळेत शिकवायला जायची, प्रकाशभाऊचं कृषी केंद्र, त्यामुळे लेकरू आजीजवळ. आजीला घरातली कामं सुचू देत नाही म्हणून एक दिवस तिनं चिऊला सरांच्या ओट्यावर आणून ठेवलं. "सर, पाच मिंटं पाहा बरं पोट्टीले, भात लागून राह्यला." गल्लीतल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. एकटा पुरुष, त्यात यांच्यात न् त्यांच्यात इतकी घसट कशाला, असं त्यांचं. अनुसयाबाईनं एकीलाही भीक घातली नाही. ती पाच मिनिटं मग रोजची झाली.

मी सरांना इतकं खुशीत कधी बघितलं नाही. चिऊ पहिल्यांदा रांगली ती सरांच्या ओट्यावर. सर तळहातावर मुरमुरे घेऊन बसायचे आणि ती एकेक वेचून खायची. चिमटीत येत नसे, मग ओली बोटं तळव्याला लावून चिकटवून उचलायची. सर मला ओरडून सांगायचे, "पाह्यलं का? माही विद्यार्थिनी!" कॅलेंडर दाखवून तिला विचारायचे, "हत्ती दोन काऊन आहेत?" चिऊ म्हणायची, "बा." "बरोबर!" असं म्हणून पूर्ण गुण द्यायचे. आमच्या वेळी हात इतका सैल नव्हता.

चिऊचा पहिला वाढदिवस आला. आमच्याकडे पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाची रंगीत तालीमच. मांडव, डीजे, जेवणावळ. बॅनर अर्थातच माझ्याकडे. गुलाबी आभाळ, ढगावर बसलेली चिऊ, भोवती ही एवढी फुलपाखरं, आणि एक तिच्या बोटावर बसवलेलं. मला विचाराल तर अजूनही सांगेन, सुंदर झालं होतं. पोरींच्या वाढदिवसाला सगळीकडे तसंच असतं.

प्रकाशभाऊंना वाटलं, शेजारी शिकलेला माणूस आहे, त्यानं दोन शब्द बोलावेत. माइक सरांच्या हातात दिला. आता सरांचं एक होतं. गप्पा मारताना आपल्यासारखं मले-तुले बोलायचे, पण माइक दिसला की वर्ग दिसायचा आणि बोलणं पुस्तकी व्हायचं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माणसांकडे पाठ करून बॅनर बघायला लागले. बाप्पा, आता हे वाचणार!

"या चित्रात बालिकेच्या बोटावर फुलपाखरू आहे," सर म्हणाले. "ही परंपरा फार जुनी आहे. युरोपात एके काळी लहान मूल दगावलं की आईवडील चित्रकाराला बोलावून त्याचं चित्र काढून घेत. तेव्हा चित्रकार त्या मुलाच्या हातात फुलपाखरू देत असे. बघणाऱ्याला कळावं की हे मूल आता..."

डीजेवाल्यानं गाणं लावलं. देव त्याचं भलं करो! पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अनुसयाबाईनं चिऊला मांडीवरून उचललं आणि पदराखाली घेऊन आत गेली. आतून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्याचा तडतड आवाज आला. सर माइक हातात घेऊन तसेच उभे. त्यांना वाटत होतं गाण्यामुळे अडथळा आला. मला म्हणाले, "पुढचं तर राह्यलंच." मी म्हणाले, "सर, चला, जेवून घ्या." वाढताना त्यांच्या पानापुढे कोणी फार थांबलं नाही, तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं.

एवढ्यावर मिटलंही असतं. शेजारी आहेत, चार दिवस धुसफुस झाली असती. पण त्याच आठवड्यात चिऊला ताप भरला. आमच्या भागात डास आणि हिवताप काय नवे आहेत? पण ताप डोक्यात चढला, लेकरू डोळे फिरवायला लागलं, आणि रातोरात गाडी करून नागपूरला नेलं. मग काय! गल्लीला तोंड फुटलं. "मास्तरच्या जिभेवर तीळ आहे." "भर मांडवात मेलेल्या लेकराचं नाव घेतलं व माय!" ज्यांनी नाकं मुरडली होती त्या म्हणाल्या, आम्ही सांगत होतो ना. प्रकाशभाऊच्या धाकट्या भावानं येऊन बॅनर उतरवलं आणि फाडलं. माझ्याकडे वाढदिवसाची गिऱ्हाइकं यायची ती आधीच सांगायची, "फुलपाखरू नको टाकजो बाई." ब्रह्मपुरीतल्या सगळ्या बॅनरांवरून फुलपाखरं उडाली.

सर रोज शटर उघडायच्या आधी माझ्या दारात. "ताप उतरला का?" मी फोन करून विचारायची, सांगायची. सर मान हलवायचे आणि जायचे. एकदा तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, "माहा विश्वास नाई. तुले ठाऊक आहे, माहा अजिबात विश्वास नाई. मग मले भेव काऊन वाटून राह्यला?" मी चहा आणला. तो तसाच निवला.

चिऊ बरी झाली. सुकून काडी झाली होती, पण बरी झाली. घरी आली त्या दिवशी सर नवा शर्ट घालून ओट्यावर बसले होते, हातात मुरमुऱ्याचा पुडा. गाडीतून अनुसयाबाई उतरली, लेकराचं तोंड पदरानं झाकलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी दोनाडकरांच्या फाटकाला आतून कडी. तिसऱ्या दिवशीही कडी.

मी सरांना म्हटलं, "सर, जाऊन माफी मागा. म्हातारी मनानं वाईट नाई. एका शब्दाचं काम आहे."

सर उसळलेच. "कशाची माफी मागू? बोलायले नव्हतं पाहिजे, चुकलं, हे मी हजारदा म्हणीन. पण तिले ते नको आहे. तिले पाहिजे की मी म्हणावं, माह्या बोलण्यानं ताप आला. ते मी कसं म्हणू? जन्मभर पोट्ट्यायले काय शिकवलं मी? शब्दानं कोणी मरत नाई म्हणून. उद्या गल्लीत दुसऱ्या कोणावर हाच आळ येईन. एखादी एकटी म्हातारी असन, तिले लोक काय करतीन? तेव्हा म्हणतीन, खोब्रागडे सरानं बी कबूल केलं होतं."

आमच्या इकडे करणीच्या असल्या आळांनी काय काय झालेलं आहे, हे सरांना माहीत होतं आणि मलाही. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. पण अभिमानानं फाटकाची कडी निघत नाही.

वर्ष असंच गेलं. गल्ली केवढी? एका उडीत पार होईल एवढी. चिऊ पलीकडच्या अंगणात चालायला लागली, पडली, रडली, "माऊ" म्हणायला शिकली. सर अलीकडून ऐकायचे. दुकानात यायचे, पण बॅनर वाचायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, "सर, हा सूर्य उगवून राह्यला का मावळून?" म्हणाले, "काही का असेना. छाप."

दुसरा वाढदिवस जवळ आला तेव्हा सर एका सकाळी घाईघाईनं आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "अगं, चीनमध्ये!" एवढंच म्हणाले, धाप लागली होती. मी खुर्ची दिली. "चीनमध्ये मांजर आन फुलपाखराचं चित्र वाढदिवसाले देतात. लंबी उमर होवो म्हणून. शेकडो वर्षांपासून देतात! हे मले ठाऊक होतं. वर्गात शिकवलं आहे मी. मग त्या दिवशी माह्या तोंडातून हे काऊन नाई निघालं? तेच काऊन निघालं?" मी म्हटलं, "सर, जाऊ द्या." "नाई, तू सांग. दोन्ही गोष्टी याच डोक्यात होत्या." आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसले.

मग त्यांनी चित्र काढायला घेतलं. सर चित्र वाचायचे, पण त्यांनी काढलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. गल्लीतलीच भुरकी मांजर, मान वर केलेली, मिशा ताठ, आणि तिच्या वर काळ्यानिळ्या पंखांचं मोठं फुलपाखरू, पावसाळ्यात लिंबाच्या झाडापाशी दिसतं तसं. मांजरीच्या डोळ्यांत त्याचा ठिपका सुद्धा काढला होता. "तू घेऊन जा," म्हणाले. "माह्यं नाव सांगू नको."

मी गेले. अनुसयाबाईनं कागद उलगडला, आणि मांजर बघून आधी हसली. मग वरती नजर गेली. कागद गुंडाळून माझ्या हातात परत दिला. "सरानं दिलं ना? मांजर चांगली आहे व. पण फुलपाखरू? नाई बाई. ह्या घरात नाई." मी चीनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चीनचं चीनमध्ये. माही एकच नात आहे."

मी येऊन सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर चित्र घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गल्ली ओलांडताना दिसले. मी काम टाकून मागोमाग गेले, काही भलतंसलतं व्हायला नको म्हणून. सरांनी दोनाडकरांच्या फाटकाची कडी वाजवली. अनुसयाबाई आली. सरांनी चित्र पुढे केलं. मांजर तशीच होती, मान वर, मिशा ताठ. वर फुलपाखरू नव्हतं. त्यावर आभाळाचा रंग चढवला होता, अजून नीट वाळलाही नव्हता.

"बाई," सर म्हणाले. त्यांचा आवाज माइकवरचाही नव्हता आणि गप्पांचाही नव्हता. "माह्या बोलण्यानं झालं. लेकराले ताप आला तो माह्या बोलण्यानं आला. मले माफ करा."

या माणसाला मी ओळखत होते. एवढं वाक्य बोलायला त्यांनी आतून काय काय पाडलं असेल! अनुसयाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "जाऊ द्या सर. झालं गेलं. माह्याही जिवाले चैन नव्हतं." तिनं कडी काढली, आत जाऊन चिऊला कडेवर घेऊन आली. "पाह्य चिऊ, कोण आलं? सर आले, सर. जाय बरं त्याइच्याजवळ."

सरांनी दोन्ही हात पुढे केले.

चिऊनं त्यांच्याकडे बघितलं. चष्मा, पांढऱ्या मिशा, पुढे आलेले हात. आणि तिनं भोकाड पसरलं. आजीच्या मानेत तोंड खुपसलं, पाय झाडायला लागली. वर्षभरापूर्वीचं त्या लेकराला काय आठवणार होतं? आजीनं खूप समजावलं, "अवं, मुरमुरे चारत होते तुले!" तसा तिनं आणखी गळा काढला. सर हात मागे घेऊन म्हणाले, "राहू द्या बाई, नका जबरदस्ती करू. ओळख नाई तिची." आणि परत फिरले. गल्ली ओलांडायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला. मी आपली दुकानात येऊन रडून घेतलं.

त्यानंतर उरले ते पुतण्या त्यांना न्यायला येईपर्यंतचे थोडे दिवस. मला सर आठवतात ते त्यातल्या एका सकाळचे. मी शटर अर्धं वर केलं आणि थांबले. सरांच्या ओट्याचं फाटक सताड उघडं. सर खुर्चीवर बसलेले, पण गल्लीकडे पाठ करून, तोंड पार भिंतीकडे. चेहरा दिसला की लेकरू भितं, म्हणून. एक हात तेवढा खुर्चीच्या मागे काढलेला, तळवा वर, त्यात मुरमुरे.

पलीकडे अनुसयाबाई फाटकात उभी होती, बोट ओठांवर ठेवून. आणि चिऊ गल्ली ओलांडत होती. थांबत होती, मागे आजीकडे बघत होती, परत एक पाऊल टाकत होती. ओट्यापाशी आली. त्या तळव्याकडे बघितलं. मग बोटं तोंडात घालून ओली केली, तळव्याला टेकवली आणि मुरमुरे उचलून खाल्ले. परत टेकवली, परत खाल्ले. सरांची पाठ दगडासारखी. मान एवढीशीही वळली नाही. हातातले संपले तशी चिऊ वळली आणि दुडुदुडु आजीकडे पळाली. आजीनं तिला उचलून आत नेलं.

मी धावतच गेले. "सर! सर, आली होती! तुम्ही पाह्यलं नाई, पण चिऊ आली होती!"

सर अजून भिंतीकडेच तोंड करून होते. मागे काढलेला हात त्यांनी हळूच पुढे घेतला, आणि मूठ मिटून छातीशी धरला.

"मालूम आहे," म्हणाले. "हात ओला आहे."